सायलेन्सरशेजारी बॉनेटचा रंग जळतोय? मग पेंटरला सगळ्यात शेवटी बोलवा

नमस्कार भाऊ,

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. द्राक्षबागेसाठी २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर घेतला. वरचा उभा सायलेन्सर मांडवाच्या तारांना आणि वेलींना लागायचा, म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडून तो उतरवून इंजिनच्या उजव्या अंगाला आडवा करून घेतला. एका हंगामात त्या बाजूचा बॉनेटचा लाल रंग आधी मळकट झाला, मग तपकिरी, आणि आता पापुद्रे सुटतायत. दोनदा रंगवून झालं, दोन्ही वेळा नेमकी तीच जागा गेली. पेंटर म्हणतो हीटप्रूफ रंग मारू. फॅब्रिकेशनवाला म्हणतो आतून ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंचा कापूस, चिकटवू. आणि मेव्हणे म्हणतात सोडा हो, ट्रॅक्टर काय लग्नाच्या वरातीत न्यायचाय!

मेव्हण्यांचं बाकी सगळं ऐका, हे ऐकू नका. बागेतल्या ट्रॅक्टरवर मोरचूद, गंधक आणि चुन्याचं पाणी दिवसरात्र बसतं. रंग गेलेला पत्रा त्यात दोन पावसाळेही काढत नाही, कडेपासून कुरतडला जातो. पेंटरचा उपाय भलत्याच जागी आहे आणि ग्लासवूल चिकटवणं धोक्याचं आहे. दोन्हींचं कारण पुढे येईलच. बॉनेटचा रंग वाचवायचा असेल तर रंगाला हात लावण्याआधी त्या पत्र्यापर्यंत पोचणारी झळ कमी करायची. हे उलट क्रमाने केलं की तिसऱ्यांदाही पैसे पाण्यात.

सुरुवातीला जळालेली जागा नीट वाचा. बॉनेट गेलं म्हणजे उष्णतेनेच गेलं असं नसतं. सायलेन्सरच्या बरोबर समोर, त्याच्याच आकाराचा लांबट डाग, मधे गडद आणि कडेला फिका होत गेलेला असेल, तर ती सरळ झळ आहे. तुमच्या वर्णनावरून तुमचं हेच दिसतंय. डाग एका बाजूला तोंड असल्यासारखा निमुळता असेल आणि त्याच्या आसपास आतून काजळी असेल, तर तिथे मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळीचं) गॅस्केट किंवा फ्लँजचा जोड फुटलाय आणि गरम धूर थेट पत्र्यावर आदळतोय. तिथे शील्ड, म्हणजे झळ अडवणारा पत्रा, लावून काही होणार नाही, गॅस्केट बदलावं लागेल. बारीक बारीक फोड, फोडल्यावर आत गंज, आणि ते सायलेन्सरपासून लांबही दिसत असतील, तर ती रंगाच्या तयारीतली खोट आहे. बॅटरीजवळचे पांढरट चट्टे ॲसिडचे, टाकीच्या झाकणाभोवतीचा मऊ पडलेला रंग डिझेलचा. हे सगळं लोक "हीटने गेलं" या एकाच नावाखाली सांगतात.

जोड गळतोय का हे बघायची वेळ म्हणजे सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावरचा पहिला मिनिट. जोडावर ब्रशने साबणाचं पाणी सोडा, मदतनीसाला जाड ओल्या फडक्याने धुराड्याचं तोंड क्षणभर अर्धवट दाबायला सांगा. गळती असेल तर बुडबुडे येतात आणि फुसफुस ऐकू येते. इंजिन तापलं की पत्रा फुगून बारीक फटी बंद होतात, मग काहीच सापडत नाही.

आता हे एवढं तापतं का, ते बघू. डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच कामाला येते. जवळपास तेवढीच पाण्यावाटे रेडिएटरला जाते आणि तेवढीच धुरावाटे बाहेर. पूर्ण लोडवर मॅनिफोल्डमधून निघणारा धूर ४०० ते ६०० अंशांचा असतो. सायलेन्सरचं अंग २०० ते ३५० अंशांपर्यंत सहज जातं. उभ्या सायलेन्सरची ही उष्णता वर आकाशात जात होती. तुम्ही तो आडवा करून बॉनेटच्या पोटाशी आणून ठेवलात, आणि मधे फट राहिली दोन बोटांची.

त्यात बागेतलं काम विचित्र असतं. नांगरताना ट्रॅक्टर कधी ओढतो, कधी वळतो, इंजिनला श्वास मिळतो. ब्लोअर (फवारणीचं यंत्र) लावल्यावर पीटीओला, म्हणजे तो फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला, मिनिटाला ५४० फेरे हवेत म्हणून इंजिन तासन्‌तास चढ्या फेऱ्यांवर, आणि ट्रॅक्टर मात्र माणसाच्या चालीने. समोरून वारा लागत नाही. दोन्ही बाजूंना पानांची भिंत, त्यामुळे बॉनेटखालून बाहेर पडलेली गरम हवा तिथेच घोटाळते आणि काही वेळा पुन्हा रेडिएटरच्या जाळीतून आत ओढली जाते. गोडी छाटणीनंतरच्या (फळांसाठीच्या छाटणीनंतरच्या) फवारणीच्या दिवसांत मी जी जळकी बॉनेटं बघतो, त्यांत मुरूम-वाळू वाहणारे ट्रॅक्टर क्वचितच असतात. बहुतेक सगळी ब्लोअरवाली.

उष्णता बॉनेटपर्यंत दोन वाटांनी येते. एक, गरम हवा. दुसरी, झळ. चुलीसमोर बसल्यावर तोंड भाजतं आणि पाठ गारच राहते, ती झळ. तिला हवेची गरज नसते, ती सरळ रेषेत येते आणि समोर जे असेल त्यावर पडते. तुमच्या डागाचा आकार सायलेन्सरसारखा आहे तो म्हणूनच. ३०० अंशांवरचा जुना, गंजलेला सायलेन्सर दर चौरस मीटरला साधारण ५ किलोवॅट झळ फेकतो. भर दुपारचं डोक्यावरचं ऊन सुमारे १ किलोवॅट असतं. म्हणजे पाच उन्हं एकाच जागी. आणि सायलेन्सर ३०० वरून ४०० अंशांवर गेला तर झळ थोडी नाही, जवळपास दुप्पट होते. इंजिनात थोडा बिघाड आणि बॉनेटवर मोठा परिणाम असं का दिसतं, त्याचं उत्तर या हिशोबात आहे.

दुसऱ्या बाजूला रंग काय सोसतो ते बघा. साधा सिंथेटिक इनॅमल ९०-१०० अंशांच्या आसपास सतत राहिला की पिवळा-तपकिरी पडतो आणि ठिसूळ होतो. हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन) रंग चांगल्या दर्जाचा असेल तर १२० अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतो. खालची पॉलिस्टर पुट्टी तर त्याच्याही आधी हार मानते. पुट्टी आणि पत्रा तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, म्हणून आधी भेग आणि मग खपली. लाल आणि नारिंगी रंगांचं आणखी एक दुखणं आहे. त्यांतली भडक रंगद्रव्यं बहुधा सेंद्रिय असतात, ती उष्णतेने लवकर मळकट होतात. म्हणून तेवढ्याच धगीत लाल बॉनेट आधी वाईट दिसू लागतं.

पेंटरच्या हीटप्रूफ रंगाचा घोळ इथे आहे. बाजारात मिळणारा ४००-६०० अंशांचा सिलिकॉन रंग खोटा नसतो, तो खरंच तेवढं सोसतो. पण तो उष्णता अडवत नाही, फक्त स्वतः टिकतो. बॉनेटच्या आतल्या बाजूला मारला तर आतली बाजू टिकेल, पत्रा तितकाच तापेल आणि बाहेरचा लाल रंग पुन्हा जाईल. बाहेरून मारायचा तर तुमच्या कंपनीचा लाल त्यात मिळणार नाही, मिळतो तो मुख्यतः चंदेरी आणि काळा. शिवाय हा रंग भट्टीत किंवा तापवून साधारण २०० अंशांवर पक्का व्हावा लागतो. बॉनेट तेवढं तापणार नाही, म्हणजे रंग कायम मऊ राहील आणि डिझेलच्या फडक्याने पुसला की निघून येईल. त्याची जागा सायलेन्सरवर आहे.

तर कामाला लागू. सगळ्यात आधी इंजिन गरजेपेक्षा जास्त गरम धूर टाकतंय का ते बघा. एअर फिल्टर चोंदलेला असेल तर हवा कमी पडते, धूर काळा होतो आणि त्याचं तापमान चढतं. बागेत धुळीबरोबर फवाऱ्याचे कण फिल्टरवर बसतात, त्याची पेस्ट होते, ती झटकून जात नाही. कोरड्या फिल्टरचं एलिमेंट बदला, ऑइल बाथचं तेल बदलून भांडं डिझेलने धुवा. डिझेल पंपाचं टायमिंग मागे पडलं असेल तर जळण उशिरा होतं आणि उष्णता कामाला न येता धुराड्यात जाते. ताकद कमी, धूर जास्त आणि सायलेन्सर लालसर अशी तक्रार एकत्र असेल तर पंपवाल्याकडे जा. ते काम घरी करायचं नाही.

रेडिएटरची जाळी ही तर रोजची गोष्ट. फॅन पुढून हवा ओढून मागे इंजिनवर टाकतो, आणि तीच हवा बॉनेटखालची धग बाहेर नेते. जाळीत पानांचा चुरा अडकला की पाण्याचा काटा चढेपर्यंत आपण थांबतो, पण बॉनेटखालची हवा त्याच्या कितीतरी आधी तुंबलेली असते. जाळी काढून उलट्या बाजूने, म्हणजे इंजिनकडून पुढे, हवा किंवा हलकं पाणी मारा. जोराच्या वॉशरने रेडिएटरच्या पातळ पट्ट्या (फिन) वाकतात. फॅनचा पट्टा ढिला असेल तर ताणून घ्या. आणि कोणी धूळ येते म्हणून बॉनेटच्या बाजूच्या झरोक्यांवर आतून पत्रा किंवा रबर लावलं असेल तर आजच काढा. ते झरोके शोभेचे नाहीत.

पुढचं काम सायलेन्सरच्या जागेचं. तुमच्या फॅब्रिकेशनवाल्याने तो वळवला हे योग्यच केलं, मांडवाखाली उभं धुराडं चालतच नाही. बागेसाठी येणाऱ्या काही ट्रॅक्टरांना कंपनीच खालच्या अंगाने सायलेन्सर देते. मापं मात्र तपासा. सायलेन्सरचा डबा साधारण १० सेंटीमीटर जाडीचा असेल आणि फट २ सेंटीमीटरची ७ केली, तर समोरच्या पत्र्यावर पडणारी झळ साधारण ४० टक्क्यांनी उतरते. वर हवा खेळायला जागा मिळते ती वेगळी. शक्य असेल तर डबा बॉनेटच्या कडेच्या खाली उतरवा, म्हणजे त्याच्यासमोर पत्राच राहणार नाही. मात्र तोपर्यंतच, जोपर्यंत तो फूटरेस्टजवळ तुमच्या पायाशी किंवा डिझेलच्या पाइपाशी येत नाही.

पाइप वाकवताना काटकोनात दोन तुकडे जोडू नका, मोठ्या त्रिज्येचं वळण घ्या, आणि मूळ पाइपापेक्षा बारीक पाइप तर मुळीच नको. धुराची वाट अडली की उष्णता पुन्हा इंजिनकडेच वळते. आडव्या सायलेन्सरला शेवटाकडे आधाराची पट्टी हवीच. नुसता मॅनिफोल्डवर लटकवला तर हादऱ्याने स्टड तुटतात, गॅस्केट जातं, आणि मग मघाशी सांगितलेला काजळीचा डाग. धुराड्याचं तोंड टायरकडे, चालकाकडे किंवा घडांच्या उंचीला नको. गरम धुराने पानं करपतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

एवढं झाल्यावर शील्ड. खरा फरक ही पाडते, आणि बहुतेक जण घाईत बिघडवतात तीही हीच.

शील्ड म्हणजे सायलेन्सर आणि बॉनेट यांच्या मधोमध उभा केलेला पातळ चकचकीत पत्रा, ज्याच्या दोन्ही बाजूंना हवा वाहते. यातले तीन शब्द महत्त्वाचे: मधोमध, चकचकीत, हवा. बॉनेटला चिकटवलेला पत्रा म्हणजे शील्ड नव्हे, ते फक्त जाड बॉनेट. दोन्ही बाजूंना किमान १० मिलिमीटर मोकळं हवं, १५ मिळाले तर फारच उत्तम. खाली आणि वर दोन्हीकडे कड उघडी ठेवा. खालून गार हवा शिरते, तापून वरच्या कडेने निघते, आणि फॅन बंद असतानाही ही ओढ चालू राहते. मी असे बॉक्ससारखे चारी बाजूंनी बंद केलेले शील्ड पाहिलेत. दिसायला सुबक, आत भट्टी.

चकचकीतपणाचं कारण असं की चकचकीत धातू झळ परत फेकतो आणि स्वतः तापला तरी पुढे फारशी सोडत नाही. काळा, गंजका किंवा रंगवलेला पत्रा आलेली बहुतेक झळ पिऊन टाकतो. असा मधे उभा केलेला एक पत्रा झळ निम्म्यावर आणतो, चकचकीत पत्रा त्याहून बराच खाली. म्हणून शील्डला रंग द्यायचा नाही. अगदी "मॅचिंग" म्हणूनसुद्धा नाही.

पत्रा कोणता? पुस्तकी उत्तर ॲल्युमिनियम आहे. हलका, कापायला सोपा, झळ उत्तम परतवतो. पण द्राक्षबागेत मी तो लावत नाही. बोर्डो मिश्रणातला (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्यातला) मोरचूद ॲल्युमिनियमवर पडला की तांबं त्यावर बसतं आणि ॲल्युमिनियम खड्डे पडत झिजत जातं. चुन्याचं पाणीही त्याला सोसत नाही. पुढच्या छाटणीपर्यंत चाळण झालेली असते. पेरू-चिकूची बाग असेल, बोर्डो क्वचित मारत असाल, तर १ मिलिमीटरचं ॲल्युमिनियम खुशाल लावा. द्राक्षाला ३०४ स्टेनलेस, अर्धा ते पाऊण मिलिमीटर, पॉलिश बाजू सायलेन्सरकडे. स्टेनलेसमधून उष्णता हळू पसरते, त्यामुळे सायलेन्सरसमोरचा भाग निळसर-सोनेरी होतो. घाबरू नका, तो तसाच होणार. जीआय पत्रा स्वस्त म्हणून देतील. त्यावरचं जस्त सतत २०० अंशांच्या पुढे राहिलं की सुटायला लागतं, आणि जीआयवर वेल्डिंग केलं तर निघणारा जस्ताचा धूर वेल्डरला ताप आणतो. नको.

माप पुठ्ठ्यावर काढा. सायलेन्सरच्या डब्यापेक्षा चारी बाजूंना ४-५ सेंटीमीटर मोठा पुठ्ठा कापा, जागेवर धरून बॉनेट उघडझाप करून बघा, आणि पट्टा, फॅन, डिझेल पाइप, वायरिंग यांतलं काही घासत नाही ना ते तपासा. मग पत्रा. कडा दुमडून घ्या. त्याने पत्रा ताठ होतो, कर्कश वाजत नाही आणि हात कापत नाही. दुमड १० मिलिमीटरची पुरते.

बसवायचं कशावर? जमेल तिथे बॉनेटवर नको. बॉनेटला बोल्ट मारले की उष्णता त्या बोल्टांतून बॉनेटमध्येच उतरते आणि बाहेर चार गोल डाग उमटतात. इंजिनच्या बाजूच्या एखाद्या मोकळ्या बोल्टवरून किंवा सायलेन्सरच्या आधारपट्टीवरून दोन अरुंद पाय काढा. बॉनेटवरच बसवायची वेळ आली तर एम-६ चे बोल्ट आणि मधे १५ मिलिमीटरच्या पातळ नळीचे तुकडे. भोकं गोल नकोत, लांबट पाडा. ३०० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा १५० अंशांनी तापला तर साधारण १ मिलिमीटर वाढतो, स्टेनलेस त्याहून थोडा कमी. त्याला सरकायला जागा नसेल तर तो फुगून बॉनेटला टेकतो, आणि टेकला की शील्डचा उपयोग संपला. एक बोल्ट घट्ट, बाकीचे स्प्रिंग वॉशर आणि लॉकनट घालून सरकते ठेवा.

शील्डने वळवलेली गरम हवा कुठे जाते हेही बघा. तिच्या वाटेत डिझेल फिल्टर किंवा रबरी पाइप आला तर रंग वाचवता वाचवता ट्रॅक्टर पेटवाल. डिझेलचा फवारा तापलेल्या पत्र्यावर पडला तर ठिणगीची गरजही लागत नाही, २५० अंशांच्या आसपास ते आपोआप पेट घेऊ शकतं.

ग्लासवूलला मी नको म्हणतो ते याच कारणाने. कापूस उष्णता अडवतो यात शंका नाही. पण बॉनेटखाली डिझेल, ऑइल आणि ग्रीस उडतच असतं. कापूस ते पितो, आणि तेल प्यालेला कापूस सायलेन्सरसमोर म्हणजे वात. शिवाय हादऱ्याने तो सुटतो आणि रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतो. बॉयलरवाले वापरतात ते सिरॅमिक ब्लँकेट १२६० अंशांचं असलं तरी त्याचीही तीच गोष्ट, आणि त्याचे तंतू फुफ्फुसाला वाईट. दोन पत्र्यांमधे पूर्ण बंद करून वापरलं तरच विचार करावा. तुम्हाला त्याची गरज पडणार नाही. एखादा जुना मिस्त्री ॲस्बेस्टॉसची दोरी किंवा पुठ्ठा काढून देईल, "आम्ही आयुष्यभर वापरलं" म्हणेल. त्याने कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. हातही लावू नका.

सायलेन्सरला गुंडाळायची ती कापडी पट्टी मोटरसायकलवाल्या पोरांमुळे आता सगळीकडे मिळते. तिने बॉनेट गार राहतं, हे खरं. पण आपला सायलेन्सर साध्या लोखंडाचा. पट्टीखाली फवाऱ्याचं पाणी साचतं, आत लोखंड कुजतं आणि वरून काही कळत नाही. तेल सांडलं तर तीही पितेच. स्टेनलेस पाइपाच्या मॅनिफोल्डजवळच्या थोड्या लांबीवर, तेल न पोचणाऱ्या जागी, ठीक आहे. डब्यावर नको.

आणि ॲल्युमिनियमची चिकट टेप. साधी टेप १५० अंशांच्या आसपास गोंद सोडते आणि लोंबकळत फॅनमधे जाते. काचकापडावरची, सिलिकॉन गोंदाची टेप २६० अंशांपर्यंत राहते. शील्ड लावल्यानंतरही बॉनेटच्या आतून जास्तीचा थर द्यायचा असेल तर ती, स्वच्छ पत्र्यावर, कडा रिव्हेटच्या पट्टीने दाबून.

तो हीटप्रूफ सिलिकॉन रंग आता सायलेन्सरला द्या, चंदेरी. काळा नको. काळ्या किंवा गंजक्या अंगातून झळ जास्त फेकली जाते, चंदेरी ॲल्युमिनियम रंगातून जवळजवळ निम्मी. खाली रेड ऑक्साइड प्रायमर अजिबात नाही, ते जळून वरचा थर घेऊन जाईल. उघड्या लोखंडापर्यंत घासा, जमलं तर सँडब्लास्ट करून घ्या, थिनरने पुसा आणि दोन अगदी पातळ हात मारा. जाड मारला की फोड येतात. दुसऱ्या दिवशी इंजिन १० मिनिटं मंद चालवून बंद, गार होऊ द्या. मग २० मिनिटं थोड्या चढ्या फेऱ्यांवर, पुन्हा गार. मग लोड. धूर आणि वास येईल, ते अपेक्षितच आहे.

आता थांबा आणि मोजा. रंग मारायची घाई नको. ब्लोअर जोडून एक पूर्ण टाकी फवारणी करा आणि उतरल्या उतरल्या त्या जागेचं तापमान घ्या. बंदुकीसारखं इन्फ्रारेड थर्मामीटर आता सहज मिळतं, पण ते चकचकीत पत्र्यावर फसवं कमी तापमान दाखवतं. शील्डवर मोजायचं तर आधी काळ्या मॅट रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्या आणि त्यावर मोजा. बॉनेटच्या रंगावर थेट चालतं. यंत्र नसेल तर बॉनेटच्या आतल्या बाजूला पाण्याचा थेंब टाका: चर्र करून उडाला तर १०० च्या वर. ६०-४० सोल्डरची तार टेकवली आणि वितळली तर १८३ अंशांच्या वर, म्हणजे शील्ड नीट बसलेलीच नाही. बाहेरचा आकडा ८० च्या आत आला पाहिजे. एप्रिलमधे ४० अंशांच्या उन्हात लाल पत्रा नुसत्या उन्हानेच ६० पार करतो, तेव्हा हात टिकत नाही एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.

इंजिन बंद केल्यानंतरची १० मिनिटंही मोजा. फॅन थांबतो, सायलेन्सर मात्र तितकाच तापलेला, आणि सगळी धग सरळ वर जाते. चालू असताना ७५ आणि बंद केल्यावर ९५ असं बऱ्याच ट्रॅक्टरांत दिसतं. म्हणून फवारणी संपल्यावर दोन-तीन मिनिटं मंद चालू ठेवून मग बंद करा आणि बॉनेट उघडं टाका. लगेच ताडपत्री टाकून झाकायची सवय असेल तर ती मोडा. बॉनेटच्या पोटात आणि सायलेन्सरवर अडकलेला पाला रोज काढा, तो रंगाच्या आधी पेटतो.

आकडा जमला की पेंटर. त्याला सांगायचं ते असं. जुना रंग, जुनी पुट्टी, सगळं पत्र्यापर्यंत खरवडायचं. फक्त डागाची जागा नाही, तो पूर्ण पॅनल, नाहीतर जोडावरून पुन्हा उकलतं. पोचा आला असेल तर ठोकून सरळ करायचा, पुट्टीने भरायचा नाही. सायलेन्सरसमोरच्या भागात पुट्टी शून्य. गंज वायरब्रशने काढून, फॉस्फोरिक ॲसिडच्या द्रावणाने पुसून, पाण्याने धुवून पूर्ण कोरडं करायचं. त्यावर टू-पॅक इपॉक्सी प्रायमर, बाहेरून आणि आतून दोन्हीकडे. आतली बाजू लोक सोडतात आणि गंज तिथूनच निघतो. वर पीयूचे दोन हात, मधे रंगाच्या डब्यावर सांगितलेला वेळ देऊन. स्वस्तातला सिंथेटिक नको. पीयूच्या हार्डनरमधे आयसोसायनेट असतं, ते श्वासातून गेलं तर कायमचा दमा लागू शकतो. साधा कापडी मास्क चालत नाही, आणि घराच्या ओसरीत, पोराबाळांसमोर तर मारूच नये.

बॉनेट प्लास्टिकचं किंवा फायबरचं असेल, हल्लीच्या बऱ्याच मॉडेलांत असतं, तर वरचा ८० चा आकडाही जास्तच समजा. एबीएस प्लास्टिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, पण त्याआधीच सततच्या धगीने हळूहळू वाकतं. तिथे शील्ड बॉनेटवर टांगायचा विचारही करू नका.

तुमचा पुतण्या अमेरिकेत आहे आणि त्याच्या हिरवळ कापायच्या ट्रॅक्टरचंही असंच झालंय असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. त्याचं इंजिन बहुधा पेट्रोलचं आणि हवेने थंड होणारं असेल, त्यात रेडिएटर नसतो. शील्डचा नियम तोच, पण त्याने एक सांभाळायचं: इंजिनवरचा फॅनचा पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा कोट आणि सिलेंडरचे पंखे (त्याला गार ठेवणाऱ्या पातळ कडा) यांची हवा शील्डने अडता कामा नये. त्या कोटाखाली कापलेलं गवत साचतं. तो काढून पंखे साफ केले की अर्धी तक्रार तिथेच मिटते. पेट्रोल इंजिनाचा धूर डिझेलपेक्षा गरम असतो, म्हणून त्याने ॲल्युमिनियमपेक्षा स्टेनलेसच घ्यावं. कंपनीची मूळ शील्ड बहुतेक मॉडेलांना असते आणि कुणीतरी सायलेन्सर बदलताना ती काढून ठेवलेली असते. आधी जुन्या डब्यात शोधायला सांगा.

रंग लागल्यावर लगेच ब्लोअरला जुंपू नका. पीयू हाताला कोरडा लागला तरी पूर्ण कडक व्हायला आठवडा घेतो. तोवर हलकी कामं, आणि मोरचुदाचं पाणी त्यावर पडू द्यायचं नाही. कंपनीचं नाव आणि पट्ट्यांचे स्टिकर महिन्याभराने लावा. ताज्या रंगातून थिनर निघत राहतो, आणि वर स्टिकर असला की त्याखाली बुडबुडे धरतात.